पाणी किती ऊन हे नंतर, पाण्यात काय हे आधी

प्रश्न असा आला आहे: "कोकणातल्या एका गरम पाण्याच्या कुंडाच्या ओहोळात हिरवागार थर दिसला आणि अगदी उगमाशी पांढरे तंतू लोंबत होते. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानाच्या फोटोंत मात्र केशरी, पिवळे, तपकिरी पट्टे दिसतात. दोन्हीकडे पाणी 60 अंशांच्या आसपास असेल, तर जीवाणूही सारखेच असायला हवेत ना? आणि ते पांढरे तंतू म्हणजे बुरशी का?"

सारखे नसतात. तंतूंचं शेवटी सांगते, कारण त्यासाठी आधीचं कळायला हवं.

गेली पंचवीसेक वर्षं मी गरम पाण्यातले सूक्ष्मजीव वाढवते आणि विद्यार्थ्यांना वाढवायला शिकवते. कुंडाशी उभं राहिलं की प्रत्येकजण पहिला प्रश्न तापमानाचाच विचारतो. साहजिक आहे, हात घातला की तेच कळतं. पण कोणाला प्रवेश नाही, एवढंच तापमान सांगतं. साधारण 50 अंशांवर प्राणी संपतात. 60-62 अंशांच्या वर बुरशी नाही, शेवाळ नाही, अमीबा नाही. केंद्रक असलेली कुठलीच पेशी तिथे वाढत नाही. 73 अंशांच्या वर प्रकाशसंश्लेषण थांबतं. त्यापुढे उकळत्या पाण्यापर्यंत फक्त काही जीवाणू आणि आर्किया (जीवाणूंसारखेच केंद्रक नसलेले, पण वेगळ्या कुळाचे एकपेशीय जीव). ही वरची मर्यादा झाली. तिच्या आत नेमकं कोण नांदणार ते पाण्यात काय विरघळलंय त्यावर ठरतं.

याचं सर्वांत चांगलं उदाहरण यलोस्टोनच आहे, कारण तिथे एकाच उद्यानात, कधीकधी एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर, अगदी वेगळ्या रसायनाची कुंडं आहेत. थॉमस ब्रॉक यांनी 1960 च्या दशकात तिथे काम सुरू केलं, तेव्हा 70 अंशांच्या वर काही जगत असेल असं फारसं कोणी धरून चालत नव्हतं. ब्रॉक यांची पद्धत साधी होती: काचेच्या स्लाइड दोऱ्याला बांधून उकळत्या झऱ्यात सोडायच्या आणि काही दिवसांनी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. स्लाइडवर जीवाणू चिकटलेले असायचे, वाढत असायचे. मश्रूम स्प्रिंगमधून त्यांनी आणि हडसन फ्रीझ या विद्यार्थ्याने वेगळा केलेला थर्मस ॲक्वाटिकस हा जीवाणू 1969 मध्ये जगापुढे आला. त्याच्याच एन्झाइमवर पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) उभं राहिलं आणि कोविडच्या काळात ते नाव घराघरात पोचलं. ती गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून इथेच सोडते.

आता यलोस्टोनमध्येच पीएच (पाणी किती आम्ल ते सांगणारा आकडा; जितका कमी तितकं आम्ल जास्त) मोजत फिरलात तर एक गंमत दिसेल. कुंडं 2 ते 3 च्या आसपास तरी सापडतात, नाहीतर 6 ते 9 च्या दरम्यान. मधली, 4-5 वाली, त्या मानाने कमी. ब्रॉक यांनी हे 1971 मध्ये जगभरच्या झऱ्यांच्या आकड्यांवरून दाखवलं. कारण जमिनीखालच्या एका घटनेत आहे. खोलवरचं गरम पाणी न उकळता थेट वर आलं तर ते क्लोराइड आणि सिलिका घेऊन येतं, आणि बायकार्बोनेटमुळे त्याचा पीएच सातच्या आगेमागे किंवा वर राहतो. पण ते वाटेतच उकळलं तर वाफ वेगळी होते आणि हायड्रोजन सल्फाइड वाफेबरोबर निघतो. हा वायू वरच्या मातीत, उथळ पाण्यात ऑक्सिजनला भेटला की त्याचं आधी गंधक आणि मग सल्फ्युरिक आम्ल होतं. म्हणून चिखलाची बुडबुडणारी कुंडं आम्लाची आणि स्वच्छ निळी कुंडं अल्कधर्मी, असं बऱ्याचदा दिसतं.

यात सूक्ष्मजीव नुसते बघ्याच्या भूमिकेत नसतात. सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियस हा आर्किया (वर्णन 1972 चं) गंधक आणि ऑक्सिजन वापरून जगतो आणि सल्फ्युरिक आम्ल बाहेर टाकतो. 75-80 अंश आणि पीएच 2 ते 3 ही त्याची आवडती जागा. म्हणजे ज्या आम्लात बाकीचे मरतात त्यातलं काही आम्ल त्याने स्वतःच केलेलं असतं. त्याच्या पेशीच्या आतला पीएच मात्र सहाच्या वर असतो, आणि हा फरक टिकवायला त्याची पेशीभित्तिकेखालची पटलं वेगळ्या घडणीची लागतात. आपल्या पेशींच्या पटलात मेदाचे दोन पदर असतात. याच्या पटलात दोन्ही पदर एकाच अखंड रेणूने जोडलेले, एकाच कापडासारखे विणलेले. उष्णतेत ते उसवत नाही आणि हायड्रोजन आयन सहजी आत झिरपत नाहीत.

आम्ल कुंडाच्या कडेला तापमान 55 च्या खाली आलं की तिथेही हिरवा थर दिसतो, आणि इथे भलेभले फसतात. रंग बघून नीलहरित जीवाणू (सायनोबॅक्टेरिया) म्हणतात. पण पीएच 4 च्या खाली नीलहरित जीवाणू मिळत नाहीत. तो हिरवा थर सायनिडियमचा असतो, जो कुळाने लाल शैवाल आहे! रंगावरून नाव द्यायचं नाही, हा धडा विद्यार्थ्यांना मी याच जीवावरून देते.

तुमच्या प्रश्नातला केशरी रंग अल्कधर्मी कुंडांतला. ऑक्टोपस स्प्रिंगसारख्या कुंडाच्या ओहोळाकाठी खाली चालत जा. उगमाशी पाणी 90 च्या जवळ (यलोस्टोन इतक्या उंचीवर आहे की पाणी तिथे 93 अंशांनाच उकळतं). काठावर साचलेल्या सिलिकाची पांढरी कड. थोडं पुढे 82 ते 88 अंशांत गुलाबी तंतू पाण्यासोबत हलत असतात. ते थर्मोक्रिनिस नावाच्या जीवाणूचे. तिथे प्रकाश भरपूर आहे, पण त्याचा उपयोग करणारं कोणी नाही, कारण आपण 73 च्या वर आहोत. मग हे खातात काय? विरघळलेला हायड्रोजन, गंधकाची संयुगं, आणि त्यांच्यावर थोडासा ऑक्सिजन. 2005 मध्ये यलोस्टोनच्या कुंडांतला हायड्रोजन मोजला गेला आणि 70 अंशांच्या वरच्या वस्तीचं मुख्य इंधन तोच असावा असं दिसलं. सूर्याशी थेट संबंध नसलेली ही चूल आहे. इंधन खडक आणि पाणी यांच्यात तयार होतं.

अडचण ऑक्सिजनची. 25 अंशांच्या पाण्यात हवेतून लिटरला सुमारे 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. 70 अंशांना समुद्रसपाटीवर जेमतेम 4. शिवाय खोलातून आलेल्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. म्हणून खरी गर्दी कुठे असते ते बघायचं असेल तर पाणी पहिल्यांदा हवेला भिडतं ती रेघ शोधा: उगमाची कड, छोटा धबधबा, दगडावरून पातळ वाहणारी पन्हळ. एका बाजूने खालून इंधन येतं, दुसऱ्या बाजूने हवा. वीतभर इकडे की इंधन आहे पण श्वास नाही, वीतभर तिकडे की श्वास आहे पण इंधन संपलेलं.

73 अंशांच्या खाली आलात की पिवळट-हिरवी पातळ फिल्म सुरू होते, सिनेकोकॉकस नावाच्या नीलहरित जीवाणूंची. 60-65 पर्यंत ती जाड होते, आणि तिच्या खाली केशरी थर असतो तो क्लोरोफ्लेक्सस या जीवाणूचा आणि त्याच्या नातलगांचा. या थराचा तुकडा कापून आडवा ठेवला तर खरवसाच्या वडीसारखा दिसतो: वर मिलिमीटरभर हिरवं, खाली केशरी, त्याखाली फिकट पिवळं, मग सिलिकाचे कण. हिरव्याने केलेला माल खालचे खातात. केशरी रंग मुख्यतः कॅरोटिनॉइडचा, म्हणजे गाजर-भोपळ्यात असतो त्याच घराण्याचा, आणि तो तीव्र उन्हापासून संरक्षण देतो. ग्रँड प्रिझमॅटिक स्प्रिंगचे पट्टे उन्हाळ्यात केशरी आणि हिवाळ्यात हिरवट दिसतात ते यामुळेच. मधला निळा मात्र जीवाणूंचा नाही. तो खोल, स्वच्छ, फार गरम पाण्याचा स्वतःचा रंग.

आता तेच 60 अंश, तोच अल्कधर्मीपणा, पण पाण्यात सल्फाइड घाला. चित्र बदलतं. सल्फाइड नीलहरित जीवाणूंच्या प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेला मारक आहे. पाणी फोडून ऑक्सिजन काढणारा जो भाग असतो तोच बंद पडतो. क्लोरोफ्लेक्सस ऑक्सिजन काढतच नाही, उलट त्याच्या काही जाती सल्फाइडच इंधन म्हणून वापरतात. म्हणून यलोस्टोनच्याच मॅमथ हॉट स्प्रिंग्जमध्ये सल्फाइडवाल्या ओहोळांत वरचा हिरवा थर गायब असतो आणि 66 अंशांपर्यंत नुसता केशरी थर दिसतो. रिचर्ड कॅस्टनहॉल्झ यांनी 1970 च्या दशकात ही मांडणी नीट उलगडली. पुढे पाणी वाहत जातं, सल्फाइड उडून जातो किंवा खाल्ला जातो, आणि मग हिरवे हळूच परत येतात. थर्मामीटरने याचा थांगही लागला नसता.

इथे पीएचचा आणखी एक धागा आहे. सल्फाइड दोन रूपांत असतो: हायड्रोजन सल्फाइडचा अख्खा रेणू आणि त्याचा आयन. पीएच 7 च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे. अख्खा रेणू पेशीत सहज घुसतो, आयन घुसत नाही. म्हणजे मोजून सल्फाइड तेवढाच असला तरी पीएच 6 वर तो जास्त जहरी आणि 8 वर बराच सौम्य. "सल्फाइड किती?" एवढंच विचारून भागत नाही.

आर्सेनिकचं उदाहरण मला सर्वांत आवडतं. यलोस्टोनच्या नॉरिस भागातल्या काही आम्ल झऱ्यांत पाणी सल्फाइड आणि आर्सेनाइट (आर्सेनिकचं एक विरघळलेलं रूप) दोन्ही घेऊन येतं. उगमापासून पहिले काही मीटर तळ पिवळाधमक, गंधकाचा. तिथे हायड्रोजनोबॅक्युलम नावाचे जीवाणू असतात. आर्सेनाइट त्यांच्या शेजारून वाहत असतो, पण त्याला कोणी हात लावत नाही, कारण सल्फाइड असेपर्यंत आर्सेनाइटचं ऑक्सिडीकरण करणारं एन्झाइम अडून राहतं. सल्फाइड संपला रे संपला की पिवळा तळ अचानक तपकिरी होतो. आर्सेनाइटचा आर्सेनेट व्हायला लागतो, लोहाचा गंजासारखा थर बसतो आणि आर्सेनेट त्या थराला चिकटून पाण्यातून कमी होतो. चार पावलांत पाण्याचं विष एका रूपातून दुसऱ्या रूपात गेलेलं असतं, आणि तापमान तेवढ्यात फारसं उतरलेलंही नसतं.

वस्तीही पाणी बदलते, हे पुस्तकांत जरा उरकून सांगतात. दुपारी त्या खरवसाच्या वडीत सूक्ष्म इलेक्ट्रोड खुपसला तर वरच्या मिलिमीटरमध्ये हवेतून मावेल त्याच्या कितीतरी पट ऑक्सिजन सापडतो, आणि कार्बन डायऑक्साइड शोषला गेल्यामुळे पीएचही चढलेला असतो. सूर्य मावळला की काही मिनिटांत तोच थर ऑक्सिजनविना पडतो. सिनेकोकॉकस दिवसा साखर करतो आणि अंधार पडल्यावर नायट्रोजन पकडतो, कारण नायट्रोजन पकडणाऱ्या एन्झाइमला ऑक्सिजन सोसत नाही. एकच पेशी, एकच जागा, आणि रसायनाच्या दोन पाळ्या.

आता आपल्याकडे. उन्हाळे, उन्हवरे, उनपदेव, या नावांतच ऊन पाणी बसलेलं आहे. पालघरच्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरच्या पट्ट्यात वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, तुरळ, राजवाडी अशी ठिकाणं आहेत. तापमान कोमट पस्तीसपासून उन्हवऱ्याच्या सुमारे 70 अंशांपर्यंत. पण इथे खाली तप्त शिलारस नाही. दख्खनचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं उलटली. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या नेहमीच्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणून पाण्यात सोडियम, कॅल्शियम आणि क्लोराइड जास्त, पीएच सात ते साडेआठच्या आसपास. सल्फ्युरिक आम्लाची कुंडं कोकणात मला कधी भेटली नाहीत. सल्फोलोबस शोधायला तुरळला जाण्यात अर्थ नाही, हे त्यावरून घरबसल्या सांगता येतं. तिथे अल्कधर्मी पाण्यातली मंडळी भेटणार: नीलहरित जीवाणू, क्लोरोफ्लेक्ससचे नातलग, थर्मस. लडाखच्या पुगा खोऱ्यात वेगळं. 4400 मीटरवर पाणी 84-85 अंशांनाच उकळतं, आणि ते बोरॅक्स घेऊन वर येतं.

कोकणात गरम पाणी दिसलं की लोक सरसकट "गंधकाचं पाणी" म्हणतात. वास येतो हे खरं. पण हायड्रोजन सल्फाइड नाकाला अब्जात काही भाग एवढ्यातही कळतो. वास आला म्हणजे थर बदलण्याइतका सल्फाइड आहे असं होत नाही. (उलट, फार जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. बंदिस्त कुंडात वाकून हुंगत बसू नये.)

आणि हो, कोकणातल्या कुंडांत एक रसायन आहे ज्याचा उल्लेख नकाशांत नसतो: साबण, खोबरेल आणि माणसांचा घाम. सुरुवातीच्या काळात मी एका स्नानकुंडातला नमुना उत्साहाने आणला, न्यूट्रियंट अगारवर 55 अंशांना ठेवला, आणि दोन दिवसांत प्लेटभर वसाहती. आनंद झाला. सगळे बॅसिलस निघाले, जे परसातल्या मातीतही मिळाले असते. चूक दुहेरी होती. नमुना उगमाऐवजी लोक अंघोळ करतात तिथला, आणि खाद्य नको तितकं पौष्टिक. थर्मससारखे जीव पातळ पेजेवर वाढलेले असतात. ब्रॉक यांनी त्यांना 0.1 टक्का ट्रिप्टोन आणि तेवढाच यीस्टचा अर्क दिला होता. दाट खाद्य त्यांना मानवत नाही. तेव्हापासून नमुना उगमाचा, आणि पाणी त्याच झऱ्याचं गाळून त्यात चिमूटभर खाद्य.

दुसरी चूक पीएचची. बाटली अर्धी भरून प्रयोगशाळेत आणली आणि दुसऱ्या दिवशी मोजला. कार्बन डायऑक्साइड बाटलीतल्या मोकळ्या जागेत निघून गेला होता आणि आकडा चढला होता. झऱ्याकाठीच, पाणी ऊन असतानाच मोजा. मीटरवरचं तापमानाचं बटण फक्त इलेक्ट्रोडची चूक सुधारतं, पाण्यात खरोखर झालेला बदल परत आणत नाही. आणि 70 अंशांना उदासीन पाणी म्हणजे 7 नव्हे, सुमारे 6.4. उगमाशी 6.8 आला म्हणून "किंचित आम्ल" असं लिहिलेले अहवाल मी पाहिले आहेत. ते पाणी किंचित अल्कधर्मी होतं.

तर तुमचे पांढरे तंतू. उगमाशी पाणी खरंच 62 च्या वर असेल तर बुरशी नक्की नाही. दोन शक्यता उरतात. पहिली, क्षार: उगमाशी कार्बन डायऑक्साइड उडाला की कॅल्शियम कार्बोनेट बसतं आणि तेही तंतूंवर चढून पांढरं दिसतं. थोडे तंतू वाटीत घेऊन व्हिनेगरचे थेंब टाका. फसफसलं तर त्यात चुना आहे. पण चुना विरघळून तंतू मऊ, अखंड उरले तर आत जीव आहेत, आणि दुसरी शक्यता बळावते: सल्फाइड खाऊन गंधक साठवणारे जीवाणू. चिमूटभर तंतू स्लाइडवर, चाळीसच्या लेन्सखाली. पेशींत किंवा पेशींवर काचेसारखे चमकते दाणे दिसले तर आच्छादनाच्या काचेच्या कडेने अल्कोहोलचा एक थेंब सोडा आणि नजर न हलवता बघत राहा. दाणे विरून दिसेनासे झाले तर ते गंधक. मग त्याच दिवशी उगमापासून हिरवा थर सुरू होतो तिथपर्यंतचं अंतर पावलांनी मोजा, आणि दोन्ही टोकांचं तापमान आणि पीएच लिहून ठेवा. उगमाशी पाणी 73 च्या खाली असूनही हिरवा थर चार-पाच पावलं लांबूनच सुरू होत असेल, तर मधल्या पट्ट्यात सल्फाइड आहे का ते आधी तपासायचं.